डोडोच्या देशांत

शिक्षकाच्या हातून फळ्यावर चुकलेलें गणित पुसून पुन्हां मांडतां येतें. त्याच्या तोंडून गेलेला शब्द मात्र पुसतां येत नाहीं. छत्तीस वर्षें अध्यापन करून आम्ही निवृत्त झालों. त्या अवधींत किती मुलांस शहाणें केलें हें परमेश्वर जाणे. परंतु एकास भर वर्गांत मूर्ख ठरविल्याची गोष्ट खरी आहे. ती आम्ही जवळ जवळ विसरलों होतों. एका दूरच्या बेटावर ती अकस्मात् आमच्यापुढें येऊन उभी राहिली, म्हणून प्रस्तुत प्रवासवर्णनाचा आरंभ तिच्यापासूनच करणें प्राप्त आहे.

इ. स. १९८४ च्या पावसाळ्यांत आम्ही एका खेड्यांतील शाळेंत सातव्या इयत्तेस शिकवीत होतों. विषय होता पृथ्वीवरून नाहींशा झालेल्या प्राण्यांचा. ‘डोडो नांवाचा एक पक्षी होता. तो इतका मूर्ख कीं, मारावयास आलेल्या माणसापासून पळूनही जात नसे. म्हणून तो समूळ नष्ट झाला,’ असें आम्हीं मोठ्या ठसक्यांत सांगितलें. आमच्या शिक्षकांनीं आम्हांस तसेंच सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं शेवटच्या बांकावरील एका मुलास आम्हीं प्रश्न विचारला. मुलगा अबोल, उत्तर ठाऊक असलें तरी तें ओठांपर्यंत येण्यास त्यास वेळ लागे. आम्हांस तेवढा धीर नव्हता. ‘हा पाहा आमच्या वर्गांतला डोडो!’ असें आम्ही म्हणालों. वर्ग खदखदून हंसला. तो मुलगाही हंसला. पुढील वर्षीं त्यानें शाळा सोडली. घरची गरिबी होतीच. ती नसती तर तो राहिला असता किंवा नाहीं, हें आतां कोणी सांगावें?

असो. इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत आमच्या ज्येष्ठ चिरंजिवांनीं सहकुटुंब मॉरिशसला जाण्याचा बेत आंखला. घरांत दोन दिवस खल झाला. आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडणाऱ्यास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. त्यांच्या पणतूस निघण्यापूर्वीं पारपत्र काढावें लागलें, एवढाच काय तो फरक! आम्ही, आमचें कुटुंब, धाकटे बंधू व भावजय, चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू अशी सात माणसें मुंबईहून विमानांत बसलों आणि सुमारें सहा तासांनीं हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत उतरलों.

मॉरिशस हें बेट ज्वालामुखीच्या उद्रेकानें सुमारें ८० लाख वर्षांपूर्वीं समुद्रांतून वर आलें. आफ्रिका तर दूरच, पण मादागास्करही तेथून आठशें किलोमीटरांहून अधिक लांब. त्यामुळें जें पोहून, वाहून किंवा उडून आलें तेवढेंच तेथें रुजलें. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी त्या बेटावर नव्हता. वटवाघळें तेवढीं वाऱ्याबरोबर येऊन पोंचलीं. वाघ नाहीं, कोल्हा नाहीं, उंदीरसुद्धां नाहीं! अशा निर्भय राज्यांत पक्षी उडावयाचे विसरले व कासवें बैलगाडीच्या चाकाएवढीं झालीं, यांत नवल तें काय?

माणसें मात्र फार उशिरां आलीं. डच खलाशी १५९८ सालीं उतरले व त्यांनीं आपल्या मॉरिस नामक राजपुत्राचें नांव बेटास दिलें. १७१० मध्यें ते निघून गेले. पुढें फ्रेंच आले, १८१० मध्यें इंग्रज आले. इंग्रजांच्या अमदानींत, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजुरांचीं जहाजेंच्या जहाजें तेथें लागूं लागलीं. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ या नांवानें आज जतन केला असून २००६ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली. त्या मजुरांत मुंबई बंदरांतून गेलेले आपले मराठी लोकही होते. १९६८ च्या मार्च महिन्यांत देश स्वतंत्र झाला. तेथें गणेशचतुर्थीस सरकारी सुटी असते, आणि शाळांतून मराठी हा विषय घेतां येतो, हें ऐकून आमच्यांतील जुना शिक्षक सुखावला.

आमचा मुक्काम आग्नेय किनाऱ्यावरील माहेबूर गांवाजवळ एका मराठी कुळांतील गृहस्थांकडे होता. त्यांच्या खापरपणजोबांनीं कोंकणचा किनारा सोडला तो परत पाहिला नाहीं. घरांत क्रिओल भाषा चाले. परंतु देवघरांतील आरती अस्सल मराठी, आणि वृद्ध आजींनीं उंबऱ्यावर केलेलें ‘या, बसा, पाणी घ्या’ हें स्वागत तर आमच्या आजोळचेंच! ‘दुसऱ्या दिवशीं पाहण्याजोगें काय?’ असें आम्हीं विचारतांच यजमान म्हणाले, ‘समुद्रस्नान सगळेच करतात. तुम्ही मास्तर आहां. तुम्ही त्या समोरच्या बेटावर जा.’ 

समोरच्या त्या बेटाचें फ्रेंच नांव ‘इल ओ झेग्रेत’, म्हणजे बगळ्यांचें बेट. आम्हांस तेथें एकही बगळा दिसला नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. सकाळीं प्वांत जेरोम येथील धक्क्यावरून लहान होडी निघाली. प्रवाळाच्या कुंपणाआंतलें पाणी पाटीवर ओल्या कापडाचा बोळा फिरवावा तसें सपाट होतें. दहा मिनिटांत आम्ही पलीकडे लागलों. मॉरिशसमधील वन्य जीवांचें रक्षण करणारी ‘मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन’ ही संस्था या बेटाचा सांभाळ करते, व तिच्या मार्गदर्शकावांचून कोणास आंत फिरतां येत नाहीं. आमच्या वांट्यास आलेली मार्गदर्शिका पंचविशीची, सावळी, हंसतमुख मुलगी होती. ती इंग्रजींत बोले आणि जेथें आम्ही अडखळूं तेथें नातू दुभाष्याचें काम करी.

पाऊल पुढें टाकण्यापूर्वींच तिनें आम्हांस थांबविलें. जोड्यांच्या तळांत बीं अडकलें आहे काय, कपड्यांस कुसळें चिकटलीं आहेत काय, तें पाहा, म्हणाली. आमच्या कुटुंबाच्या पातळाच्या कांठास सात-आठ कुसळें निघालीं. तीं मुलीनें एकेक करून वेंचलीं व कागदाच्या पुडींत बांधून खिशांत टाकलीं. ‘आपल्या घरीं सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरांतही इतका कडक विधि नव्हता,’ असें भावजय हळूच पुटपुटल्या. त्या विधीचें कारण पुढें उलगडलें.

बेट अवघें २६ हेक्टरांचें, म्हणजे सुमारें पासष्ट एकर; आपल्याकडील एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या कुळाची चार भावांत वांटलेली जमीन! जमीन कसली, सारा प्रवाळाचा धारदार दगड. मॉरिशसचें थोरलें बेट काळ्या खडकाचें, हें मात्र पांढरें. अशा दगडांतून एके काळीं किनाऱ्यालगतचें दाट अरण्य उभें होतें. थोरल्या बेटावरील तसलें अरण्य उसानें, बंदरांनीं व घरांनीं केव्हांच गिळलें. चांगल्या स्थितींतलें मूळचें रान आतां साऱ्या मॉरिशसमध्यें शेंकडा दोनांहूनही कमी उरलें आहे. या लहानग्या बेटावरही लोकांनीं आबनुसाचीं झाडें तोडलीं, सर्पण नेलें, शेळ्या चारल्या. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं तोफा आणून ठेवल्या. १९६५ सालीं तें राखीव म्हणून जाहीर झालें आणि १९८० नंतरच्या दशकांत वर सांगितलेल्या संस्थेनें तेथें हात घातला.

हात घातला, हें आम्ही शब्दशः म्हणतों. बाहेरून आलेलें तण माणसांनीं हातांनीं उपटलें. मूळच्या झाडांचीं बियाणीं शोधून रोपवाटिकेंत वाढविलीं व एकेक खड्डा करून लाविलीं. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांचा १९९१ मध्यें निःपात केला. हें एका हंगामाचें काम नव्हे. चाळिशीच्या घरांत वर्षें लोटलीं, तरी रोज सकाळीं कोणी तरी तेथें वांकून तण काढीतच आहे.

वाटेंत आमच्या बंधूंनीं चिचुंद्रीचा विषय निघतांच मान वर केली. त्याचें असें झालें कीं, त्या बेटावर हिंदुस्थानांतली चिचुंद्री शिरली आहे. आपल्या घरीं ती मोरीच्या कोपऱ्यांतून चीं-चीं करीत पळाली तर आपण झाडू उगारून गप्प बसतों. तेथें ती किडे, लहान सरडे, कोंवळे अंकुर फस्त करते, आणि तिचा नायनाट करण्याचे यत्न करूनही ती पुरून उरली आहे. थोरल्या बेटावर आम्हांस साळुंकी व बुलबुल दिसले होते, तेव्हां कुटुंबास माहेरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें होतें. आतां कळलें कीं, साळुंकी अठराव्या शतकांत टोळ खाण्यासाठीं मुद्दाम नेलेली, बुलबुल १८९२ सालीं सुटलेला, आणि आपलें मुंगूस १९०० च्या सुमारास उंदीर मारण्यासाठीं आणलेलें. मुंगसानें उंदरांबरोबर पक्ष्यांचीं अंडींही सोडलीं नाहींत. हे सर्व आपल्या अंगणांतले सज्जन. पण परक्या घरीं जाऊन दांडगाई करूं लागले! नेणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. चांगल्या हेतूनें, परंतु न विचारतां केलेल्या उपकाराचा भार किती पिढ्यांस वाहावा लागतो, हें संयुक्त कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

पायवाटेच्या वळणावर मुलीनें बोट ओठांवर ठेविलें. समोरच्या फांदीवर एक कबूतर बसलें होतें. आकारानें आपल्या पारव्याहून थोडें थोर, पंख तपकिरी, शेंपूट लालसर आणि डोकें व छाती फिक्या गुलाबी रंगाची. चोंच व पाय मात्र गर्द गुलाबी. पायांत रंगीत कड्या. त्यानें आमच्याकडे पाहिलें, पण तें उडालें नाहीं. १९९० च्या सुमारास या जातीचे पक्षी रानांत उरले होते अवघे दहा! एका ओंजळींत मावतील एवढे दाणे शिल्लक राहावेत आणि त्यांवर पुढचें सारें पीक अवलंबून असावें, तशी ती स्थिति होती. कांहीं पक्षी आधींच पिंजऱ्यांत वाढविले होते, तेथें मॉरिशसमध्यें व जर्सी बेटावर त्यांची वीण करविली. ज्यांस पिलें सांभाळतां येईनात त्यांचीं अंडीं पाळीव होल्यांच्या पोटाखालीं ठेविलीं. १९९४ पासून या बेटावर पक्षी सोडण्यास आरंभ झाला. आज रानांत ते चारशेंहून अधिक आहेत.

याच देशांत ससाण्याच्या कुळांतील एक लहानसा शिकारी पक्षी आहे. १९७४ मध्यें त्याच्या जातीचे माहीत असलेले जीव होते चार, आणि त्यांत अंडीं घालणारी मादी एकच. १९७९ सालीं कार्ल जोन्स नांवाचे तरुण वेल्श शास्त्रज्ञ तेथें गेले. त्यांनीं पहिलीं अंडीं हळूच उचलून कृत्रिम उबेंत उबविलीं; घरटें रिकामें दिसतांच मादी दुसऱ्यांदा अंडीं घाली. या युक्तीनें व पुढील अनेक वर्षांच्या राखणीनें ती जात शेंकड्यांवर गेली. प्रसिद्ध निसर्गलेखक जेराल्ड ड्यूरेल यांनींही १९७६ मध्यें तेथें जाऊन या कार्यास हातभार लाविला. हें सारें ऐकतांना कुटुंब म्हणालीं, ‘घरांत एकच पोर उरलेलें असलें म्हणजे त्याला असंच जपावं लागतं.’ आम्हीं या विषयावर एवढें नेमकें भाष्य दुसरें ऐकलें नाहीं.

थोडें पुढें वाटेंत एक करडा दगड आडवा पडला होता. नातू त्यास वळसा घालूं लागला तों दगडानें मान बाहेर काढली! हें आल्दाब्राचें महाकासव. मॉरिशसची स्वतःचीं अशीं दोन जातींचीं महाकासवें होतीं; खलाशांनीं तीं जिवंत शिदोरी म्हणून जहाजांत भरून नेलीं, कारण उलथें घातलेलें कासव महिनोन् महिने अन्नपाण्यावांचून जगतें. तीं संपलीं. मग सेशेल्स देशांतील आल्दाब्रा येथील भाऊबंद २००० सालीं या बेटावर आणून सोडले. आम्हांस वाटलें, शोभेकरितां. मुलगी म्हणाली, ‘नाहीं. हे आमचे माळी आहेत.’

प्रकरण असें होतें. या बेटावर आबनुसाची एक खास जात आहे; आपल्या विड्यांच्या पानांच्या टेंभुर्णीचीच ती चुलत बहीण. लांकूड काळेंभोर, जड, वाढ अत्यंत मंद. तोड थांबली तरी नवीं झाडें येईनात. फळें पिकत, आईच्याच पायाशीं गळत आणि तेथेंच कुजत. जीं महाकासवें तीं फळें गिळून बीं दूर नेऊन टाकीत, तींच नाहींशीं झालीं होतीं. परकीं कासवें आलीं, त्यांनीं फळें खाल्लीं, आणि झाडें तोडून उघड्या पडलेल्या भागांत त्यांच्या विष्ठेंतून आबनुसाचे अंकुर फुटले. कासवाच्या पोटांतून गेलेलें बीं न गेलेल्यापेक्षां अधिक चांगलें रुजतें, हें शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें पडताळून २०११ मध्यें प्रसिद्ध केलें. झाडाजवळ उकिडवें बसून मुलीनें आम्हांस एक रोप दाखविलें. करंगळीएवढें, चार पानांचें. ‘याची सावली माझ्या नातवंडांस मिळेल,’ ती म्हणाली. एक सावकाश प्राणी नाहींसा झाल्यानें एक वृक्ष निपुत्रिक होतो, आणि दत्तक आलेल्या सावकाश प्राण्यानें त्याचा वंश पुन्हां चालूं लागतो! मंद चालणाऱ्यास कुचकामी म्हणण्याची घाई करूं नये, हा विचार त्या वेळीं आमच्या मनास चाटून गेला. तो आम्हांस लवकरच चांगला चावणार होता.

झाडींतल्या एका मोकळ्या जागीं नाहींशा झालेल्या प्राण्यांच्या धातूच्या मूर्ति उभ्या आहेत. त्यांत डोडो होता. नातू पुढें धांवला व मोठ्यानें म्हणाला, ‘आजोबा, हाच ना तो मूर्ख पक्षी?’ हें त्यास कोणीं सांगितलें होतें, हें निराळें लिहावयास नको.

मुलीनें तें शब्द समजून घेतले. ती रागावली नाहीं. परंतु हंसलीही नाहीं. ‘तो मूर्ख नव्हता,’ ती म्हणाली. ‘तो आतां पाहिलात त्या कबुतराच्याच कुळांतला. भिण्यासारखें त्यानें कधीं कांहीं पाहिलेंच नव्हतें. माणूस दिसला तेव्हां तो पळाला नाहीं, पाहावयास जवळ आला.’ मग तिनें सांगितलें तें असें: डोडोच्या कवटीची तपासणी करून २०१६ मध्यें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, त्याचा मेंदू शरीराच्या मानानें कबुतराच्या मेंदूहून लहान नव्हता. त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग म्हणजे निकोबारचें कबूतर, जें आपल्याच देशाच्या निकोबार बेटांवर आढळतें. खलाशांनीं मारले तेवढे डोडो मारलेच. परंतु खरा घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुकरें व माकडें यांनीं. घरटें जमिनीवर, आणि त्यांत अंडें बहुधा एकच. समोरच्याच उपसागरांत डच जहाजें १५९८ सालीं आलीं. डोडो पाहिल्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १६६२ ची. चौसष्ट वर्षें! आमचें तेव्हांचें वय सहासष्ट होतें. लक्षावधि वर्षांचा वंश एका माणसाच्या आयुष्याहून थोड्या काळांत संपला.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. आमच्या डोळ्यांपुढें शाकुंतलाचा पहिला अंक उभा राहिला. राजाचा बाण धनुष्यावर चढलेला, पुढें हरिण, आणि तपस्वी हात वर करून मध्यें येतो: हा आश्रमाचा मृग आहे, यास मारूं नये. डोडोचें बेट हा तसाच एक आश्रम होता. परंतु तेथें हात वर करणारा तपस्वी नव्हता. निःशंक असणें हा आश्रमांतील मृगाचा गुण म्हणून आम्हीं शिकविला, आणि तोच डोडोचा मूर्खपणा म्हणून! एकाच तोंडानें, कदाचित् एकाच आठवड्यांत. त्या क्षणीं शेवटच्या बांकावरचा मुलगा आम्हांस दिसला. तो हंसत होता. वर्गांतल्या सर्वांबरोबर आपणही हंसलों म्हणजे आपणांस कोणी मारणार नाहीं, असें त्यास वाटलें असावें.

होडींतून परततांना मुलीनें आणखी एका शिक्षकाची गोष्ट सांगितली. माहेबूर येथें जॉर्ज क्लार्क नांवाचे इंग्रज शाळामास्तर होते. डोडो नष्ट होऊन दोन शतकें होत आलीं होतीं, आणि असा पक्षी कधीं होता कीं नाहीं, अशी शंका घेणारेही निघाले होते. क्लार्कमास्तर वर्षानुवर्षें त्याच्या अस्थि शोधीत राहिले. अखेर १८६५ मध्यें ‘मार ओ साँज’ नांवाच्या, आजच्या विमानतळाजवळील दलदलीच्या मध्यभागीं त्यांनीं मजुरांस उतरविलें. कमरेएवढ्या पाण्यांत मजुरांनीं अनवाणी पायांनीं चिखल चांचपला, आणि पायांस हाडें लागलीं! आज जगांतील अनेक संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे दिसतात, ते बहुतेक त्या दलदलींतलेच. जहांगीर बादशहाच्या पदरीं असलेला चित्रकार उस्ताद मन्सूर याचें म्हणून मानलेलें डोडोचें एक चित्र १६२५ च्या सुमारचें आहे, व सुरतेस जिवंत डोडो पाहिल्याचें पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे तो बिचारा आपल्या किनाऱ्यावरही पाहुणा येऊन गेला होता. एका मास्तरानें चिखलांतून त्याचें अस्तित्व वर काढलें. दुसऱ्यानें फळ्यासमोर उभें राहून त्याचें नांव चिखलांत टाकलें. दोघांतला हा दुसरा कोण, तें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

संध्याकाळीं ओसरीवर यजमानांनीं २०२० ची हकीकत सांगितली. त्या वर्षीं २५ जुलै रोजीं ‘वाकाशिओ’ नांवाचें अजस्र मालवाहू जहाज याच किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलें. ६ ऑगस्टला त्यांतून इंधन गळूं लागलें. सुमारें एक हजार टन काळें तेल त्या आरशासारख्या पाण्यांत पसरलें आणि बगळ्यांच्या बेटाच्या कडेसही लागलें. संस्थेच्या लोकांनीं रोपवाटिकेंतलीं हजारों रोपें व कांहीं पक्षी होड्यांतून सुरक्षित जागीं हलविले; जवळच्या बेटांवरील दुर्मिळ सापसुरळ्या व पाली तर विमानानें जर्सीला धाडल्या. आणि गांवकरी? त्यांनीं उसाचें पाचट गोणपाटांत व जाळ्यांत भरलें, शिवून लांबच लांब तरंगते बांध केले, त्यांस रिकाम्या बाटल्या बांधल्या व समुद्रांत सोडले. यजमानांच्या सूनबाई तीन दिवस पाचट भरीत होत्या. हातांचा काळा रंग जाण्यास महिना लागला, म्हणाल्या. ज्यांच्या पूर्वजांस ऊस तोडण्यासाठीं या बेटावर आणलें, त्यांनीं उसाच्याच पाचटानें तें बेट राखलें! १५९८ मध्यें जो हात वर झाला नाहीं, तो चारशें बावीस वर्षांनीं हजारोंच्या संख्येनें वर झाला.

ज्या वाचकांस कधीं त्या बाजूस जाण्याचा योग येईल, त्यांनीं एक सकाळ या बेटासाठीं अवश्य राखून ठेवावी. बरोबर मुलांस न्यावें, डोक्यास टोपी व पायांत बंद जोडे असावेत, आणि निघण्यापूर्वीं त्यांचे तळ स्वच्छ घांसावेत. कांहीं उचलून आणूं नये व कांहीं ठेवूनही येऊं नये.

घरीं परतल्यावर आम्हांस चैन पडेना. दिवाळीनंतर एके दिवशीं एस्‌. टी. नें त्या जुन्या गांवीं गेलों. स्टँडवर त्या विद्यार्थ्याचें नांव सांगून घर विचारलें, कोणास उमगेना. तो पिठाची गिरणी चालवितो, एवढें ऐकून होतों, तें सांगितलें. तेव्हां पानाच्या ठेल्यावरचा पोरगा म्हणाला, ‘अहो, मग डोडोची गिरणी म्हणा ना!’

गिरणी चालू होती. पन्नाशी उलटलेला, पिठानें पांढरा झालेला एक गृहस्थ बाहेर आला, त्यानें आम्हांस ओळखलें, गिरणी बंद केली व वांकून नमस्कार केला. पोत्यावर पंचा अंथरून आम्हांस बसविलें, चहा सांगितला. आम्हीं क्षमा मागितली. तो संकोचला. ‘सर, आतां त्याचं काय एवढं! नांव पडलं तें पडलं,’ म्हणाला. मग आम्हीं त्यास सारी हकीकत सांगितली: तें बेट, तें कबूतर, तो आबनूस, तो पक्षी. त्यानें मध्यें एक शब्दही न बोलतां ऐकून घेतली. संपल्यावरही पूर्वींप्रमाणेंच बराच वेळ गप्प होता. या खेपेस आम्ही थांबलों.

‘म्हणजे सर,’ तो अखेर म्हणाला, ‘आपल्याला कुणी मारील, असं त्याच्या मनांतच आलं नाहीं.’

‘होय,’ आम्ही म्हणालों.

‘मग त्यांत त्याचं काय चुकलं?’

आम्हांस उत्तर सुचण्यास वेळ लागला. तो शांतपणें वाट पाहत बसला.